लिटरला ठोके किती? पाणीमीटरचा 'के' आमच्यासमोर काढा



कांद्याची ट्रॉली बाजार समितीत लावली की आपण दोनच गोष्टींकडे डोळे लावून बसतो. भाव काय फुटला आणि काट्यावर वजन काय भरले. भाव क्विंटलला पन्नास रुपयांनी पडला तर आपण लिलाव बंद पाडतो, रस्त्यावर बसतो. १९८० साली याच नाशिक जिल्ह्यात कांद्याच्या आणि उसाच्या भावासाठी रस्ते अडवले, तुरुंग भरले, तेव्हापासून भावाचे अर्थशास्त्र आपल्या पोरासोरांनाही तोंडपाठ झाले. काट्याच्या बाबतीत मात्र आपण अजून भोळेच आहोत. भावातली लूट दिसते, कारण ती ओरडून सांगितली जाते. मापातली लूट मुकी असते. कारखान्याच्या भुईकाट्यावर उसाची गाडी चढते, डेअरीत दुधाच्या नमुन्याला फॅट लागते, आडतीवर कडता कापला जातो, आणि प्रत्येक ठिकाणी आकडा दाखवणारे यंत्र समोरच्याचे असते. आपण फक्त पावती घ्यायची.

आता या यादीत पाण्याची भर पडली आहे, म्हणून हा लेख.

२००५ साली महाराष्ट्रात दोन कायदे झाले. एक जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा आणि दुसरा सिंचन पद्धतीचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन करण्याचा. दोन्हींचे सार एका ओळीत सांगायचे तर पाण्याचा हक्क यापुढे एकरावर नाही, घनमीटरवर ठरायचा. पूर्वी पाटकरी यायचा, पीक बघायचा, क्षेत्र लिहायचा आणि त्यावर पट्टी बसायची. त्यात काय काय चालायचे हे पाटकऱ्याला चहा पाजलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. ती पद्धत जावी असे आम्हालाही वाटत होते, आजही वाटते. मोजून घ्यावे, मोजून द्यावे, यात शेतकऱ्याचा तोटा नाही. आमचा सवाल मोजण्याबद्दल नाही. मोजणारे यंत्र बरोबर आहे हे कोणी, कधी आणि कोणासमोर तपासले, हा आमचा सवाल आहे.

सिन्नर तालुक्याला पाणी मोजायला कोणी शिकवायची गरज नाही. वावी, पाथऱ्याच्या बाजूला उन्हाळ्यात टँकरची वाट बघत हंडे रांगेला लावलेली बाई थेंबाचा हिशेब इंजिनीअरपेक्षा चोख ठेवते. आमच्याकडे देवनदीवरच्या जुन्या बंधाऱ्यांचे पाट आहेत, म्हाळुंगीवरचे भोजापूर आहे, इगतपुरी तालुक्यातून येणारा कडव्याचा कालवा आहे. दारणा धरण १९१६ सालचे, ते आमच्या शेजारी, आणि त्याचे पाणी गेले खाली नगर जिल्ह्याकडे. पश्चिमेला डोंगर, पूर्वेला पर्जन्यछायेचा पट्टा, आणि मध्ये माळेगाव-मुसळगावच्या औद्योगिक वसाहती. अशा तालुक्यात ठिबक आली, उपसा गट झाले, उघड्या चारीऐवजी बंद पाइप आले, आणि पाइप आला की त्याच्या तोंडावर मीटर आले. उघड्या चारीत पाण्याची उंची फूटपट्टीने बघता यायची. बंद पाइपात काय चालले आहे ते फक्त पेटीवरचा आकडा सांगतो.

हा आकडा येतो कोठून, ते आधी समजून घेऊ. पुष्कळ जण इथेच हात टेकतात. यात हात टेकण्यासारखे काही नाही.

पाइपात एक चकरी बसवलेली असते. तिला तिरपी पाती असतात. पाणी जोरात गेले की चकरी जोरात फिरते, हळू गेले की हळू. ही कल्पना जुनी आहे. राइनहार्ड व्होल्टमान नावाच्या जर्मन इंजिनीअरने नदीच्या वाहत्या पाण्याचा वेग अशाच फिरत्या पात्याने मोजण्याचे शास्त्र १७९० साली छापले, आणि आजही मोठ्या पाणीमीटरला व्होल्टमान मीटर म्हणतात. आताच्या मीटरात पाइपाच्या बाहेरून एक चुंबकाची कांडी बसवतात. प्रत्येक पाते तिच्याखालून गेले की विजेचा एक ठोका उमटतो. चकरीला सहा पाती असतील तर एका फेरीला सहा ठोके. पेटी एवढेच करते की ठोके मोजते आणि त्यांना एका आकड्याने भागते. तो आकडा म्हणजे एका लिटरमागे किती ठोके. इंजिनीअर त्याला 'के' फॅक्टर म्हणतात.

ठोके भागिले के, बरोबर लिटर. सगळे बिल, सगळा कोटा, सगळे भांडण या एका भागाकारात आहे.

आता तिसरीतल्या पोराला विचारा. भाजक लहान केला तर भागाकार वाढतो की कमी होतो? वाढतो. म्हणजे खरा के १६ असताना पेटीत १५ घालून ठेवला, तर पाणी तेवढेच आले तरी मीटर जास्त लिटर दाखवणार. कोणी पाइप फोडायला नको, सील तोडायला नको. आणि हा आकडा असतो पेटीच्या आत, पासवर्डच्या मागे. काट्याचे पारडे निदान डोळ्यांना दिसत होते!

आमच्या तालुक्यातल्या दहा-बारा घरांच्या एका उपसा गटाचा अनुभव इथे सांगतो. आमच्यापैकी काही जण त्या गटात आहेत. गावाचे, मीटरवाल्याचे आणि कार्यालयाचे नाव मुद्दाम देत नाही, कारण हे एका माणसाचे पाप नाही आणि नाव घातले की चर्चा त्या माणसावर जाते. गटाला तीन इंची चकरीचे मीटर बसवून मिळाले. पाटीवर के १५.०० कोरलेला, सोबत कंपनीचे सर्टिफिकेट. पहिल्याच हंगामात गटाच्या लक्षात आले की पंप तोच, तास तेच, ठिबकच्या नळ्या त्याच, पण कोटा हिशेबापेक्षा आधी संपतो आहे. तक्रार केली. उत्तर आले, मीटर कंपनीचे आहे, खोटे बोलणार नाही.

मग गटाने टँकर आणला. सिन्नरला टँकरची काय कमतरता!

रिकामा टँकर भुईकाट्यावर घातला. भुईकाटाच का, तर त्याच्यावर वैधमापन विभागाचा दरवर्षीचा शिक्का असतो आणि तो उद्या कोणी नाकारू शकत नाही. ड्रायव्हर दोन्ही वेळी खाली उतरवला. टँकरची तोटी गळत नाही ना ते बघितले, कारण वाटेत गळलेले पाणी मीटरने मोजलेले असते पण काट्यावर येत नाही. मीटरच्या कांडीला वेगळा ठोके मोजणारा काउंटर जोडला. मीटरपासून टँकरपर्यंतची नळी आधी पाण्याने पूर्ण भरून घेतली, हवा जाऊ दिली, काउंटर शून्यावर आणला आणि पंप चालू केला. साडेसतरा मिनिटांत टँकर भरला. रिकामा ४,८६० किलो, भरलेला १४,३१० किलो. पाणी ९,४५० किलो.

किलो म्हणजे लिटर नव्हे, हेही कोणीतरी उद्या काढेल म्हणून आधीच सांगतो. पाणी २८ अंशांना होते आणि त्या तापमानाला लिटरभर पाणी ९९६.२ ग्रॅम भरते. ९,४५० ला ०.९९६२ ने भागले की ९,४८६ लिटर. काउंटरवर ठोके पडले १,५०,८३०. भागा, १५.९०. एकदा करून भागत नाही, म्हणून तिनदा केले. दुसऱ्या खेपेला ९,४७० किलो पाणी, १,५१,४८० ठोके, के १५.९४. तिसऱ्या खेपेला ९,४२० किलो, १,५०,१६० ठोके, के १५.८८. तिन्हींची सरासरी १५.९. तीन खेपांत फरक अर्ध्या टक्क्याच्याही आत, म्हणजे आमची रीत भरवशाची होती. आणि पाटीवर १५.००! १५.९ भागिले १५ म्हणजे १.०६. मीटर शंभर लिटरला एकशे सहा मोजत होते.

सहा टक्के ऐकायला किरकोळ वाटते. कोटा ५०,००० घनमीटरचा असेल तर मीटरने ५०,००० दाखवले तेव्हा शेतात प्रत्यक्ष गेले ४७,१५० च्या आसपास. राहिलेले २,८५० घनमीटर म्हणजे दहा हजार लिटरचे २८५ टँकर. रब्बीच्या कांद्याला हंगामभरात पन्नास-साठ सेंटिमीटर पाणी लागते असे धरले तर सव्वा एकराच्या वर कांदा या आकड्याच्या पोटात गेला. पैशाचे आम्ही एकवेळ सोडून देऊ, पाणीपट्टी भरण्यात शेतकऱ्याने कधी इज्जत घालवलेली नाही. पण कोटा संपला की पाणी बंद होते, आणि ते बंद कधी होते? शेवटी. सोळा पाळ्या मिळाल्या की मीटर सतरा मोजून मोकळे. सतरावी पाळी ही कांदा पोसण्याची पाळी असते. बियाणे, रोपे, लागवडीची मजुरी, खत, औषध सगळे खर्चून झाल्यावर मारलेली ती पाळी असते. सगळा खर्च आपला आणि शेवटच्या घोटाला हात आखडता, याला तोट्याची शेती म्हणतात.

आता पुढची गोष्ट ऐका, ती आपल्यालाही कडू लागेल. गटातल्या तरुण पोरांना वाटले, कंपनीने के चुकीचा घातला, धरा कॉलर. पण तालुक्यातल्या एका जाणकार फिटरने जागा बघितली आणि डोक्याला हात लावला. मीटरच्या अगदी आधी पाठोपाठ दोन काटकोनी बेंड, आणि त्याला खेटून अर्धवट उघडा ठेवलेला व्हॉल्व्ह. पाणी पिळ खात चकरीवर येत होते. पिळाने येणारे पाणी चकरीला सरळ धक्का देत नाही. पिळाची दिशा बघून चकरी कधी जास्त फिरते, कधी कमी. मीटरच्या आधी पाइपाच्या व्यासाच्या निदान दहा पट सरळ पाइप पाहिजे आणि नंतर पाच पट. तीन इंची मीटरला ऐंशी सेंटिमीटर आधी आणि चाळीस नंतर, एवढाच मामला. मीटर तिथून काढून सरळ लांबीत बसवले, टँकर पुन्हा तिनदा काट्यावर नेला. के आला १५.०८. पाटीपासून फरक फक्त अर्धा टक्का.

म्हणजे मीटर चांगले होते. कंपनीचे सर्टिफिकेटही खरे होते, पण ते कंपनीच्या प्रयोगशाळेतल्या लांब, सरळ, स्वच्छ पाण्याच्या पाइपाचे होते. आमच्या विहिरीवरच्या बेंडाचे नव्हते. चोर कोणी सापडला नाही आणि माल मात्र आमचाच गेला. बसवणाऱ्याला मीटर बसवल्याचे बिल मिळाले, मंजूर करणाऱ्याला फोटो मिळाला, आणि बसवल्यानंतर ते खरे मोजते का हे बघणे कोणाच्याच कामात लिहिलेले नव्हते. गेलेल्या हंगामाचे सहा टक्के पुढच्या कोट्यात वळते करा म्हटले तर उत्तर, तशी तरतूद नाही. जादा मोजण्याची तरतूद होती काय?

के बिघडायला बेंडच लागतो असे नाही. पंप सुरू होताना पाइपातली हवा सुटते आणि चकरी हवेवरही गरगरते, पाण्यापेक्षा जोरात. वीज दिवसातून चार वेळा गेली तर चार वेळा हवेचे बिल. पावसाळ्यात गाळाचे पाणी आले, जाळीत शेवाळ अडकले की पाण्याची धार एका बाजूने चकरीवर बसते. आणि बेअरिंग झिजले, चकरीला काडी गुंडाळली, किंवा व्होल्टेज पडून पाणी मीटरच्या किमान मर्यादेखाली वाहू लागले की चकरी सुस्तावते आणि मीटर कमी मोजते. म्हणून एका वेगावर काढलेला के पुरत नाही. कमी, मध्यम आणि पूर्ण अशा तीन प्रवाहांवर काढला पाहिजे. काही साहेब आता म्हणतात, चकरी सोडा, विद्युतचुंबकीय मीटर आणतो, त्यात फिरणारा भागच नाही. आणा. गढूळ पाण्याला ते बरेही आहे. पण त्याच्या पेटीतही असाच एक गुणक असतो आणि तोही पासवर्डच्या मागेच असतो. टँकर त्यालाही चुकणार नाही.

कमी मोजणाऱ्या मीटरचे काय करायचे, हा प्रश्न गेल्या बैठकीत एका भावाने हळूच विचारला आणि सगळे हसले. आमचे उत्तर हसण्यावारी नेण्याचे नाही. तेही दुरुस्त करा. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात जॉन डेथ्रिज नावाच्या इंजिनीअरने १९१० साली कालव्याच्या तोंडावर बसवायचे एक लोखंडी चाक काढले. चाकाची एक फेरी म्हणजे ठरलेले पाणी. आपल्या के सारखाच हिशेब. ते चाक पुष्कळदा कमी मोजते, हे पुढे सगळ्यांना माहीत झाले, आणि शेतकरी खूश होते. पण जेव्हा पाण्याचे हक्क मोजून ठरू लागले आणि चाके काढून नवी मीटरे बसली, तेव्हा वरकड पाणी घटले आणि त्यावर उभे केलेले शेत अडचणीत आले. आणि आपल्याकडे तर वर एकाचे मीटर कमी मोजते म्हणजे टेलच्या भावाच्या वाट्यातून जाते. आम्हाला फुकटचे पाणी नको. भीक आम्ही सरकारची घेतली नाही, चुकलेल्या चकरीची कशाला घेऊ?

दुसरे भाऊ म्हणतात, मीटरच फेकून द्या. हे आम्हाला मान्य नाही. दिंडोरी तालुक्यातले वाघाड धरण आठवा. ओझरच्या समाज परिवर्तन केंद्राने, बापूसाहेब उपाध्ये आणि भरत कावळे यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला टेलच्या शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्था उभ्या केल्या, आणि ज्या टेलला पाणी पोहोचत नव्हते तिथे ते मोजून घेतलेल्या पाण्याने पोहोचले. मोजमाप हे टेलवाल्याचे हत्यार आहे. माझे पाणी आले नाही हे रडून सिद्ध होत नाही, आकड्याने होते. जायकवाडीच्या वादात काय झाले? १५ ऑक्टोबरला जायकवाडीत ६५ टक्क्यांपेक्षा कमी साठा असेल तर वरच्या धरणांतून सोडायचे, हे सूत्र २०१४ च्या प्राधिकरणाच्या आदेशात आले, २०१६ साली उच्च न्यायालयातही गेले. तिथे सगळे भांडण दशलक्ष घनमीटरचे होते. किती सोडले, वाटेत किती मुरले, खाली किती पोहोचले. मोजणाऱ्याचा शब्द तिथे कायदा ठरतो. ज्या राज्यात धरणाधरणांतला निवाडा मापावर होतो, त्या राज्यात शेतकऱ्याच्या तीन इंची मीटरचे माप कोणी तपासायचे नाही?

आणि दाखला काही परदेशातून आणायला नको. पेट्रोल पंपावर संशय आला तर गिऱ्हाईक शिक्क्याचे पाच लिटरचे माप मागू शकते, आणि पंपवाल्याला समोर मापून दाखवावे लागते. पुण्याला खडकवासल्याच्या केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्रात नदीत टाकायच्या वेगमापक चकऱ्या स्थिर पाण्याच्या लांब हौदात ओढून तपासतात. केरळात पालक्काडला प्रवाहमापकांची केंद्र सरकारची प्रयोगशाळा आहे. म्हणजे सरकारला मीटर तपासावे लागते हे माहीत आहे. मग तपासणी नेमकी शेतकऱ्याच्या बांधावर येऊनच का थांबते? नाशकात मेरी आहे, तिथे पाण्यावर संशोधन करणारे इंजिनीअर बसतात. त्यांनी एक टाकी आणि एक काटा गाडीवर बसवून तालुक्यातालुक्यात फिरवावा. मीटरच्या खरेदीवर जो पैसा जातो त्यातला चिमूटभरही यात लागणार नाही.

आमचे म्हणणे एवढे आहे. बसवलेल्या जागी, सभासदांसमोर, काट्यावर किंवा मापाच्या टाकीत के काढल्याशिवाय त्या मीटरवर बिलही लावू नये आणि कोटाही कापू नये. के चा आकडा पाणीवापर संस्थेच्या फळ्यावर खडूने लिहावा, आणि पेटीतला तो बदलायचा तर दोन्ही बाजूंच्या सह्या लागाव्यात. दर हंगामाआधी पुन्हा तपासावा. फरक दोन टक्क्यांच्या वर निघाला तर मागच्या हंगामाचा हिशेब दोन्ही बाजूंनी दुरुस्त व्हावा. आमच्याकडे निघत असेल तर आम्ही भरू, तुमच्याकडे निघत असेल तर पाणी द्या. आणि हे होईपर्यंत जिल्ह्यातल्या कोणत्याही गटाने फक्त कंपनीच्या सर्टिफिकेटवर मीटर ताब्यात घेतल्याची सही करू नये.

पुढच्या जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक गटाने मीटरच्या पाटीवरचा के, मीटरचा इंच, बसवल्याची तारीख, मीटरच्या आधी आणि नंतर सरळ पाइप किती सेंटिमीटर आहे आणि पंपाचे सेकंदाला लिटर किती, हे कागदावर लिहून आणावे. पाटी वाचता येत नसेल तर मायबहिणींनी ओल्या फडक्याने पुसून घ्यावी, चुन्याने घासू नये, अक्षरे जातात. ज्यांना टँकर आणि भुईकाटा मिळणार आहे त्यांनी आधी कळवावे, काउंटर जोडून देणारा फिटर आम्ही सिन्नरहून पाठवू. त्याचा गाडीखर्च गटाने द्यायचा आहे.